सल्ला न देणाऱ्या बाई

"ह्या माझी नक्कल करत्यात!" हौसा खुर्चीवरून उठून, समोरच्या बाईंकडे बोट दाखवत मला म्हणाली. "मी बोलते त्येच मला परत ऐकवत्यात."

मी चिंचवडला एका कंपनीच्या वेल्फेअर ऑफिसात कामाला होते. आलेल्या बायकांना आमच्या बाईंसमोर बसवायचं, पाणी द्यायचं, दार लावून बाहेर थांबायचं. पण शिकलेल्या बाईंसमोर एकटी बसणार नाही, असं हौसाने सांगितलं. म्हणून त्या दिवशी मी आतच बसले.

हौसा पॅकिंग खात्यात होती. चाकणकडची. नवरा वारल्यावर चिंचवडात मावशीकडे राहून कामावर येई. थोरला दीर सकाळपासून गेटवर बसला होता. गावात लोक बोलतात, नोकरी सोड आणि घरी चल, असं त्याचं म्हणणं. लेबर ऑफिसर साहेबांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत उत्तर हवं होतं. ती जाणार असेल तर तिच्या जागी दुसरी बाई घ्यायची होती.

"राहा म्हणून सांगून टाका," हौसा आत यायच्या आधी साहेब आमच्या बाईंना म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

"माझ्या सांगण्यावरून राहिली, तर उद्या दिराच्या सांगण्यावरून जाईल."

"मग तुम्ही करणार काय?"

"ऐकणार."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

बाई परदेशात काउन्सेलिंग शिकून आल्या होत्या. त्यात सल्ला द्यायचा नाही, चूक-बरोबर ठरवायचं नाही. समोरच्याचं बोलणं आपल्याला कसं कळलं, तेवढंच त्याला सांगायचं. माणसाला निर्धास्त वाटलं की त्याचा मार्ग त्यालाच दिसतो, असं त्या म्हणत.

हौसा अजून खुर्चीपाशी उभीच होती.

"माझा राग आला तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"येनारच की! जाऊ का राहू इच्यारते, तर तुमी सांगंना."

"मी सांगितलं तर सुटल्यासारखं वाटेल."

"व्हय." हौसा बसली. मी घड्याळ पाहिलं; जेवणाची सुट्टी जवळ आली होती. बाईंना कसलीच घाई दिसत नव्हती.

"घरी गेल्यालंच बरं," हौसा शेवटी म्हणाली. "लोकं बोलत्यात."

"लोक बोलतात, म्हणून तुम्हाला घरी जावंसं वाटतं."

"मला कुठं वाटतं? दिराला वाटतं!"

तिने पाण्याचा पेला जवळ ओढला. मग हळूच म्हणाली, "हितं मला कुनी पांढऱ्या पायाची म्हनत न्हाई."

"इथे कोणी हिणवत नाही."

"न्हाई हिनवत." ती पाणी प्यायली आणि सरळ गेटवर गेली. मी मागोमाग गेले.

"भावजी, मी येनार न्हाई."

"कुनी शिकवलं तुला ह्ये?"

"कुनी न्हाई."

दीर तणतणत निघून गेला. हौसा सुट्टी संपायच्या आत खात्यात हजर होती.

नंतर मात्र ती पॅकिंगच्या सगळ्या बायकांना सांगत सुटली, "वेल्फेअरच्या बाईंकडं जाऊ नगा. त्यास्नी कायबी सांगता येत न्हाई. माझं मलाच ठरवावं लागलं."

बरेच दिवस आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. या कामात यश आलं की गिऱ्हाईक तुटतं.