चाळणीच्या कड्यावरच्या चिमण्या

आमच्या पोरीला दिसतंय का न्हाई, हेच मला कळंना. बाळंतपण माहेरी सांगलीला झालं, ती दिसांच्या आधीच आली, एवढीशी. तिला घिऊन मी हिकडं लोणंदजवळ सासरी आले, तरी ती माज्या तोंडाकडं बघायची न्हाई. बघायची, पर माज्या कानाच्या पल्याड कुटंतरी. मी कुणाला बोलले न्हाई. बोललं की ते खरंच व्हईल असं वाटायचं.

आशाताई वजन करायला आल्या. त्यांनी तिच्या डोळ्याम्होरनं बोट फिरवलं, परत फिरवलं, आन् हळूच मला म्हणाल्या, "पाळण्यावर कायतरी हालतं टांग. नजर धरती का बघू. न्हाईच धरली तर साताऱ्याला डोळ्याच्या डॉक्टरला दावू." त्या सहज बोलल्या, मी मातर त्याच दिशी कामाला लागले.

बाजारातनं खेळणं आणा म्हणलं तर कशाला ते सांगावं लागणार. मग घरातच हुडकलं. मोडक्या चाळणीचं कडं घेतलं. चिप्सची पाकिटं आतनं चांदीवानी असत्यात, ती धुतली, पुसली, त्याच्या चिमण्या केल्या. लग्नपत्रिकांची सोनेरी फुलं कातरली, गणपती तेवढा देव्हाऱ्यात ठिवला. जुन्या साडीचा जरीचा काठ कड्याला गुंडाळला. शाळा माजी नववीतच सुटली, पर कागदकामात मी पैली असायची. अंगात जोर नव्हता, बसल्या बसल्या दम लागायचा, तरी हात थांबायचं न्हाईत. थांबलं की डोकं चालू व्हायचं.

सासूबाईंना आमी आत्या म्हणतो. त्या दारातनं बघत व्हत्या.

"उकिरडा बांदतीस व्हय गं लेकराच्या डोक्यावर?"

"धुतलंय आवं समदं."

"धुतलं म्हणून काय सोनं झालं?"

हे फौजेत हायत, त्यांनी व्हिडिओ कॉलवर बघितलं आन् हसलं, "आमच्या युनिटला पण एक पाठव की." त्यांनाबी मी काय सांगितलं नव्हतं. मीबी हसले.

पाळण्यावर टांगलं. वारं आलं की समद्या चिमण्या फिरायच्या, भिंतीवर उजेड नाचायचा. पोरगी दुसरीकडंच. मला वाटलं चमक कमी पडली, म्हणून आणखी चांदी लावली, आणखी सोनं लावलं. जेवढं भ्या वाढलं तेवढं ते कडं भरत गेलं.

शेजारच्या बाया मातर बघायला यायला लागल्या. "किती गं देखणं केलंय!" म्हणायच्या. तशा आत्या उठल्या, जुन्या छत्रीचं कापड फाडलं, त्यात कापूस भरून काळी बाहुली शिवली, डोळ्याला शर्टाची दोन पांढरी बटणं लावली आन् बरोबर मधोमध टांगली. "गावाच्या नजरा लागत्याल लेकराला," म्हणल्या आन् भाकरी करायला गेल्या. एवढ्या झगमगाटात ते काळं भूत. मला रडूच आलं. काढून टाकावं म्हणून मी हात वर केला.

तर पोरीचं सारखं हालणारं पाय थांबलेलं.

नुसती पडलेली, त्या बटणांकडं बघत. मी बोटानं कडं जरासं ढकललं. डोळं मागनं गेलं. उलटं फिरवलं. परत आलं.

"आत्या!" मी अशी वरडले की त्या पिठाच्या हातानं पळत आल्या.

"काय झालं गं? पडली का काय?"

"बघतीया आवं!"

"काय बघतीया?"

"बाहुली!"

मग मी समदं सांगितलं, एका दमात. त्या खालीच बसल्या. "इतकं दिस एकटीच पोटात ठिवलंस व्हय? मी काय मेली व्हती?"

आशाताई मागनं म्हणाल्या की बारक्या लेकरांना काळं-पांढरं आदी दिसतंय, ही तर लवकर आलेली. तरी साताऱ्याला आमी दावून आलो. डॉक्टर म्हणलं, नजर येतीया हळूहळू, परत तपासायला या. परत तपासायचं म्हणलं की मला अजून भ्या वाटतंच.

पर त्या दिवशी, मी समदं सांगितल्यावर, आत्यांनी पिठाच्याच हातानं कडं धरलं. "मी फिरवती, तू डोळं बघ," म्हणल्या. आन् दर वेळी इचारायच्या, "आली का गं हिकडं?"

"आली."

"आता?"

"आली आवं, आली."