मावशीच्या व्हिसाला आबांचा जामीन

अन्याय माझ्या मावशीवर झाला. सत्त्याण्णव सालच्या जुलै महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पुण्यात, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका गृहस्थाच्या पंख्याखाली. त्या गृहस्थाने मावशीचे कागद वरवर चाळले, चष्मा काढला आणि म्हणाला, "लग्न झालेलं नाही. नोकरी सोडणार. जमीन वडिलांच्या नावावर. घराणं मेंढरांमागे फिरणारं. मग तू परत येशील याची हमी काय? अर्जच करू नकोस, व्हिसा मिळायचा नाही." ही वाक्ये मी पुढे पत्रकात जशीच्या तशी छापली, कारण मी शेजारच्याच खुर्चीवर होते. आणि हे त्याने सांगितले कुणाला? तर शब्दाला तिच्याइतकी जागणारी बाई इंदापूर तालुक्यात झाली नाही, आणि म्हशीला 'अहो' म्हणणारी तर उभ्या महाराष्ट्रात झाली नसेल, अशा बाईला!

म्हशीचे आधी सांगते, म्हणजे मावशी कळेल. ती माझ्या आईची सगळ्यात धाकटी बहीण, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात ती दुधाची फॅट तपासायची. तिथे एकदा नवे यंत्र बसवायला फ्रान्सचा एक इंजिनीअर आला. तो आपल्या जोडीदाराशी बोलत होता आणि मावशी हातात नळी धरून तशीच उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "काय भाषा आहे गं! दुधावरची साय न मोडता उचलावी तसे बोलतात." झाले. दर शनिवारी पहाटे निमगाव केतकीहून एसटी, बारामतीला गाडी बदलून पुणे, तिथे दोन दिवस फ्रेंचचा वर्ग, आणि रविवारी उशिरा परत. असे तीन पावसाळे गेले. त्या वर्गात तिला कळले की फ्रेंच माणूस ओळख नसेल त्याला 'तुम्ही' म्हणतो. मावशीचा न्याय असा, की आपल्याला खरे तर कुणाचीच पुरती ओळख नसते. मग सगळ्यांनाच 'तुम्ही'. मला तुम्ही, बाजारातल्या भाजीवाल्याच्या पोराला तुम्ही, आणि पहाटे गोठ्यात, "अहो, जरा पाय मागं घेता का? धार काढायचीय." म्हैस पाय मागे घ्यायची, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. आबा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवरून ओरडायचे, "म्हशीला अहो म्हनतीस, मग आमाला काय म्हननार? महाराज?"

तिचा फ्रेंच 'र' घशातून यायचा. तो सरावासाठी ती इतका घोटायची, की आजीने तिला महिनाभर ओव्याचा काढा पाजला. शनिवारच्या गाडीच्या कंडक्टरला ती तिकीट आधी फ्रेंचमध्ये मागायची, मग मराठीत. पहिल्यांदा तो म्हणाला, "ताई, बरं वाटत न्हाय का?" सहा महिन्यांनी तोच चढणाऱ्या प्रत्येकाला "बोंजूर, सुट्टे काढा," म्हणू लागला. एक शेतकरी त्यावरून त्याच्याशी भांडला, फ्रेंच नमस्काराला शिवी समजून. मावशीने मध्ये पडून दोघांनाही 'अहो' म्हटले आणि भांडण मिटले. मी तेव्हा बारामतीत कॉलेजला होते आणि कॉलेजपेक्षा जास्त रस्त्यावर. वसतिगृहाचे पाणी, एसटीची भाडेवाढ, मुलींच्या पासाचा प्रश्न, प्रत्येकावर माझे एक पत्रक होते. मावशी ते मन लावून वाचायची आणि म्हणायची, "तुमच्या पत्रकात धिक्कार जागोजाग आहे हो. 'कृपया' मात्र एकदाही नाही."

तर अशा या बाईला फ्रान्सच्या एका विद्यापीठात वर्षभर भाषा शिकायला प्रवेश मिळाला, फीपुरती शिष्यवृत्तीही मिळाली. अडले फक्त व्हिसावर. आणि घरी आबांची अट होती, "ह्या साली जमलं तर जा. न्हाय तर दिवाळी झाली की लगीन." लोणी देवकरच्या कारखान्यातला एक मुलगा बघूनही ठेवला होता. मुलगा चांगला होता, त्याच्याविरुद्ध माझ्याकडे एकही पत्रक नाही. पण पुण्याच्या त्या गृहस्थाचा सल्ला गावात पोचला आणि पारावर बसणाऱ्या प्रत्येकाला हमी आठवली. "आधी साखरपुडा उरकून घ्या, म्हंजे पोरगी माघारी येती." याच गावातला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आखातात गेला, तेव्हा हीच माणसे हार घेऊन एसटीपर्यंत गेली होती. त्याला कुणी हमी मागितली? मुलगा निघाला की पेढे आणि मुलगी निघाली की जामीन, हा कुठला कायदा? हा सवाल मी पत्रकात ठळक अक्षरांत छापला.

मावशीने मात्र पत्रक काढले नाही की वाद घातला नाही. तिने सल्ला बाजूला ठेवला आणि अर्ज केला. मुंबईला मुलाखतीचे बोलावणे आले. तिच्याबरोबर मी निघाले, पत्रकांचा गठ्ठा घेऊन. आणि आयत्या वेळी आबा निघाले, खांद्यावर घोंगडी आणि फडक्यात चार दिवसांच्या भाकरी घेऊन. मावशी म्हणाली, "आबा, आपण संध्याकाळी परत येणार आहोत." आबा म्हणाले, "तुमी या."

याचा अर्थ आम्हाला वकिलातीच्या फाटकाशी कळला. मावशी आत गेली आणि आबांनी फाटकाच्या कडेला घोंगडी अंथरली. पहारेकरी धावत आला.

"ओ बाबा, हितं बसायचं न्हाय."

"बसाया न्हाय आलो, ऱ्हायाला आलोय," आबा शांतपणे म्हणाले. "माझी पोरगी आत गेलीया. ती माघारी येईल ह्याची हमी पायजे म्हनत्यात. मी हाय की. पोरगी वरीसभर तिकडं, मी हितं. ती आली की मी जातो. आत सायबाला सांगा, जामीन आलाय म्हनून."

मी दहा मोर्च्यांत घोषणा दिल्या आहेत, पण असा ठिय्या कधी पाहिला नव्हता. पहारेकरी देशावरचाच निघाला. त्याने इकडेतिकडे पाहिले, आत निरोप धाडला आणि तोही उकिडवा बसला. आबांनी माझ्या गठ्ठ्यातली पत्रके ओढून त्यावर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मांडली. पहारेकऱ्याने भाकरी खाता खाता चटणीखालचे पत्रक वाचले आणि मला म्हणाला, "मुद्दा बराबर हाय तुमचा. पर लई आरडलाय."

आत काय झाले ते मावशीने आम्हाला नंतर सांगितले. साहेबाने बाकी सारे विचारून झाल्यावर तोच प्रश्न विचारला, पण नीट विचारला, 'तुम्ही' म्हणून. तुम्ही परत का याल? मावशीने फ्रेंचमध्ये सांगितले, की आमच्यात जाणे हे परत येण्यासाठीच असते. दिवाळी झाली की माझ्या चुलत्यांची मेंढरे घाट उतरून कोकणात जातात, कारण इकडे चारा नसतो. पावसाच्या आधी वळून घरी येतात. माझे वडील निम्मे आयुष्य असेच चालले. मी त्यांचीच मुलगी. जे इकडे मिळत नाही ते चरायला जाते आहे, पोट भरले की वळेन. साहेबाने विचारले, "आणि परत न आलेलं कुणीच नाही?" मावशी खोटे बोलत नाही. ती म्हणाली, "एक कुत्रा आहे. चिपळूणकडे राहिला. पण त्याचं तिथं कुणाशी तरी जमलं होतं." साहेब इतका हसला, की पलीकडच्या टेबलावरची बाई बघायला आली. तेवढ्यात फाटकावरचा निरोप आला, आणि मावशीने सांगितले, की बाहेर माझे वडील जामीन बसले आहेत, त्यांचे काय करायचे?

दुपारनंतर ती बाहेर आली, पासपोर्ट छातीशी धरून. "आबा, उठा. व्हिसा मिळाला. साहेब म्हणाले, जामीन नको."

आबा उठले नाहीत. "नको? मग त्येनी इस्वास कशावर ठिवला?"

"माझ्या बोलण्यावर."

आमच्या घराण्याने मेंढरांच्या चराईसाठी, तगाईच्या कर्जासाठी, दाखल्यांसाठी किती खिडक्या पाहिल्या असतील! प्रत्येक खिडकीने अंगठा मागितला, साक्षीदार मागितला, वर चहापाणी मागितले. नुसत्या बोलण्यावर कागद आजवर कुणी दिला नव्हता. आबांनी घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि पहारेकऱ्याला मुद्दाम ऐकू जाईल असे म्हणाले, "हिच्या बोलन्यावर दिला म्हनं!" मग परतीच्या गाडीत शेजारच्याला, पुढच्याला, आणि बारामतीला गाडी बदलल्यावर त्या कंडक्टरलाही. कंडक्टरने आबांना जागेवर उभे राहून "बोंजूर" केला.

मावशी गेली. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी चुलत आजोबांची मेंढरे कोकणातून आली आणि आबा म्हणाले, "मेंढरं आली. आता ती यील." आठवडाभरात ती आली. आजीच्या पाया पडली आणि हातपाय न धुता गोठ्यात गेली. "कशा आहात?"

त्यानंतर ती वर्षभर पुण्यात फ्रेंच शिकवत होती. लोणी देवकरच्या मुलाचे लग्न दुसरीकडे झाले, मावशी त्यात वाढायला होती. आता ती पुन्हा गेली आहे, या वेळी दोन वर्षांसाठी. पारावर कुणी हमी मागितली नाही. घर मात्र फार शांत झाले आहे. आबा बारामतीच्या गाडीच्या वेळेला उगाच स्टँडवर जाऊन बसतात. परवा मी धार काढायला गेले. "सरक," म्हटले, म्हैस हलेना. दोनदा ओरडले, हलेना. मग मी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिले आणि हळूच म्हटले, "अहो, जरा सरकता का?" तिने पाय मागे घेतला आणि माझ्यामागे दाराकडे बघत राहिली. मावशी आली असे वाटले असेल तिला.

तेव्हा वाचकहो, माझी मागणी एकच आहे. तुमच्या घरातली, तुमच्या गल्लीतली एखादी मुलगी उद्या दूर निघाली, तर 'परत येशील ना?' असे तिला विचारू नका. 'कधी निघतेस?' एवढेच विचारा, आणि तिची बॅग उचलून एसटीपर्यंत जा.

कृपया.