कॅलमचा डावा गुडघा

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

मी गुडघा वाकवला, सरळ केला, आतून दाबला, बाहेरून दाबला. टेबलावर झोपलेले कॅलम पंख्याकडे बघत होते. पन्नाशी ओलांडलेला, लाल कानांचा, उंच माणूस. माझा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत त्यांचं "नाही" येत होतं.

"झालं का मॅडम?" ढोमणे साहेबांनी दारातून विचारलं. "वीस मिनिटं तं खेळायचं आहे त्यांले. एवढं काय पाहून राहिल्या?"

राज्य नवीन होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि सिलतऱ्यातल्या आमच्या स्टील कारखान्याने नवीन फुटबॉल ग्राउंड बांधलं होतं. उद्घाटनाला मंत्री येणार होते. त्यांच्यासमोर प्रदर्शनी सामना, आणि त्यात स्कॉटलंडचे एक माजी फॉरवर्ड. मालकांना, म्हणजे भैयाजींना, त्यांचा खेळ आवडला तर त्यांना कोच म्हणून ठेवून घेणार, असं ठरलं होतं. ढोमणे साहेब कारखान्याचे स्पोर्ट्स ऑफिसर. खेळाडू फिट आहेत की नाहीत, ते मी त्यांना सांगायचं.

मी फिजिओथेरपिस्ट. औषधं देत नाही. स्नायू आणि सांधे हातांनी तपासते, व्यायाम करून घेते. नुकतीच पास झाले होते आणि कॉन्ट्रॅक्टवर होते. खरं तर ढोमणे साहेबांना कॅलमशी इंग्रजीत बोलणारं कुणीतरी हवं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, पण कुठल्याच भाषेत फारसं बोलत नाही, हे त्यांना नंतर कळलं.

फुटबॉलमधलं मला काही येत नव्हतं. फॉरवर्डचं काम कॅलमनी मला कँटीनच्या टेबलावर चहाच्या ग्लासांनी समजावलं. हा गोल. हा मी, गोलकडे पाठ करून. हा माझ्या पाठीला चिकटलेला डिफेंडर. पुढून बॉल येतो, मी तो पायाशी घेतो आणि एका पायावर गर्रकन वळतो. त्यांनी ग्लास असा फिरवला की चहा सांडला.

"कुठल्या पायावर?" मी विचारलं.

"डाव्या."

टेपने मोजल्यावर त्यांची डावी मांडी उजवीपेक्षा बारीक भरली. पाय दुखत असला की शरीर त्याला वाचवत राहतं, कामाला लावत नाही, आणि मग स्नायू उतरतो. "जुनी गोष्ट," कॅलम म्हणाले. असू शकते. तेवढ्यावरून कुणाला अनफिट म्हणता येत नाही. बाकी सगळ्या टेस्ट ते पास झाले होते.

रविवारी ढोमणे साहेबांनी घरी जेवायला बोलावलं. खाली सतरंज्या, समोर ताटं. "आपल्या पद्धतीनं बसवू गोऱ्या साहेबाले," ते खुशीत म्हणाले. कॅलम भिंतीला धरून खाली सरकले आणि पाय लांब करून बसले. पुरणपोळ्या आवडीने खाल्ल्या. मी बाहेर न बसता स्वयंपाकघरात काकूंना वाढून देत होते. अशा ठिकाणी मला आतच बरं वाटतं.

जेवणं झाली. सगळे हात धुवायला उठले. कॅलम बसून राहिले. खोली रिकामी झाली तसे ते कुशीवर वळले, मग पालथे झाले, उजवा पाय पोटाशी ओढला आणि दिवाणाची कड दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. डावा गुडघा त्यांनी अजिबात वाकवला नाही. उठल्यावर शर्ट नीट केला आणि हसत बाहेर गेले. मी दाराच्या पडद्यामागे भाताचं पातेलं घेऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "टेस्टच्या आधी तुम्ही पेनकिलर घेतली होती का?"

ते म्हणाले, "प्रत्येक फिजिओला हा प्रश्न सुचतो. पण उशिरा सुचतो."

"उद्या गोळी न घेता या."

येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. मी गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवला आणि पाय हळूच वाकवला. हाताखाली करकर जाणवली, ओल्या रेतीवर फरशी सरकवावी तशी. कॅलमनी टेबलाची कड धरली. आता "नाही" म्हणायची गरज उरली नव्हती.

गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये एक गादी असते. त्यांच्या डाव्या गुडघ्यातली गादी विशीतच फाटली. तेव्हा ती शिवत नसत, काढूनच टाकत. त्यानंतर ते अनेक वर्षं खेळले. मोठ्या क्लबमध्ये एक सीझन, मग लहान क्लब, मग त्याहून लहान. हिवाळ्यात ग्राउंड गोठून दगड व्हायचं. सामन्याआधी गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं, गोल करायचे, सोमवारी जिना बसून उतरायचा. गोल किती केले, ते त्यांनी सांगितलं नाही. इंजेक्शनं कुठल्या कुठल्या ग्राउंडवर घेतली, ते सगळं आठवत होतं.

"आमच्या गावातही स्टीलचा कारखाना होता," ते म्हणाले. "तो बंद पडला. मग क्लबही. आता तिथे मला काम नाही. तू सांगणार आहेस?"

"हो."

"मग इथलीही नोकरी जाईल."

मी बर्फाची पिशवी आणायला गेले.

ढोमणे साहेबांना मी त्यांच्या केबिनमध्ये सांगितलं. कॅलम शेजारच्या खुर्चीवर होते.

"काय बोलून राहिली पोट्टी!" मॅडम म्हणायचं ते विसरले. "पंडरीपासून सिलतऱ्यापर्यंत पोस्टर लागले आहेत. दहा मिनिटं?"

"नाही."

"बरं, एक पेनल्टी. उजव्या पायानं मारतील."

"उजव्याने मारताना सगळं वजन डाव्यावर येतं सर. आणि गुडघा तिथेच पिळतो. आता पिळला तर चालणंही जाईल."

ढोमणे साहेब कॅलमकडे वळले. "यू टेल. यू ओके?"

कॅलमनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी एकदम ठीक आहे, बॉस," ते म्हणाले.

"पाहा!"

"ते खरं सांगत नाहीत," मी मराठीत म्हटलं. मग वाटलं, माणूस समोर बसला आहे, त्याला न कळणाऱ्या भाषेत हे बोलणं बरोबर नाही. म्हणून तेच इंग्रजीत पुन्हा म्हटलं, त्यांच्याकडे बघून. कॅलम खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनी नाकारलं मात्र नाही.

ढोमणे साहेबांनी चष्मा काढला. "आता भैयाजींले काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा. फिजिओने नाही म्हटलं म्हणून."

सामना कॅलमशिवाय झाला. ते कोट घालून रेषेबाहेर उभे होते आणि ओरडून सूचना देत होते. त्या हिंदीत करून ओरडणं माझ्याकडे आलं. "पीछे मत देखो! जगह बनाओ!" माझा एवढा आवाज मीच पहिल्यांदा ऐकला. मागून लोक विचारत होते, "गोरा कब खेलेगा, दीदी?" सामना बरोबरीत सुटला. शेवटी भैयाजींनी कॅलमना शाल-श्रीफळ दिलं, हात मिळवला, आणि कोचच्या नोकरीचा विषय काढला नाही. तो पुढेही निघाला नाही.

माना एअरपोर्टवर सोडायला मीच गेले. बॅग मी उचलू लागले तर त्यांनी उचलू दिली.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "तरी मी खेळलो असतो."

काही महिन्यांनी त्यांची ईमेल आली. गुडघा बदलला होता, जिना उभ्याने उतरत होते. काम अजून मिळालं नव्हतं.

माझं कॉन्ट्रॅक्ट कारखान्याने पुढे वाढवलं नाही. आता मी शंकरनगरमध्ये एका क्लिनिकमध्ये बसते. पेशंट पोलीस भरतीचा असो, ड्रायव्हर असो की लग्न ठरलेली मुलगी, "दुखत नाही" म्हणाला की मी ते लिहून घेते. मग दुसरा प्रश्न विचारते: दुखत नसेल तर तुम्हाला काय मिळणार आहे? खरा गुडघा बहुतेक त्या उत्तरात सापडतो.