बेटाजवळून परतलेली बोट

मनोहरकाका गेले, हे मला सदर भागातल्या बँकेत रांगेत उभी असताना कळलं. काकूंचाच फोन होता. "सकाळी चहा घेतला अन् खुर्चीतच मान टाकली त्यायनं," एवढंच म्हणाल्या. त्याला आता सव्वा महिना झाला...

आमच्या गल्लीला काका ठाऊक होते ते कूलर दुरुस्त करणारे म्हणून. उन्हाळा लागला की कुणाचा पंप, कुणाची मोटर त्यांच्या अंगणात येऊन पडायची. त्याआधी वीसेक वर्षं ते अंदमानात सरकारी बोटीवर मेकॅनिक होते, हे फार थोड्यांना माहीत होतं. मला कळलं तेही माझ्या आगाऊपणामुळे. आमच्या शाळेतल्या शिक्षिकांची सहल अंदमानला निघाली होती आणि कोणत्या रस्त्यानं गेलं म्हणजे जंगलातले आदिवासी दिसतात, असं मी काकांना विचारलं. काकांनी हातातला पंप खाली ठेवला. मग सांगू लागले.

तिथल्या एका बेटावरचे लोक बाहेरच्या कुणालाही जवळ येऊ देत नसत. अधूनमधून खात्याची बोट जाई आणि उथळ पाण्यात भेट म्हणून नारळ सोडून परत येई. हळूहळू ती माणसं कमरेभर पाण्यात येऊन नारळ उचलू लागली. त्यांत कडेवर लेकरू घेतलेली एक बाई असायची. ती इंजिनाच्या आवाजाची नक्कल करून काकांकडे बघून हसायची. एका फेरीला साहेबांनी बाहेरचे पाहुणे बरोबर घेतले. त्यातला एक जण वाटभर खोकत होता, नाक पुसत होता. अशाच दुसऱ्या एका वस्तीत बाहेरून आलेल्या गोवरानं माणसं कशी गेली, ते काकांनी पाहिलेलं. त्यांनी साहेबांना विनवून पाहिलं. साहेब म्हणाले, साधी सर्दी तर आहे. बेट जवळ आलं, किनाऱ्यावर माणसंही जमली... आणि काकांनी इंजिन बंद केलं. बिघाड झालाय, कसंबसं मागे फिरता येईल, पुढे गेलो तर अडकू, असं सांगून त्यांनी बोट परत आणली.

"मशीनबद्दल जिंदगीत एकदाच खोटं बोललो वं मी," काका म्हणाले. "आपली सर्दी दोन दिवसांत जाते. त्या लेकराले झाली असती तं?"

बंदरात तपासणी झाली, इंजिन धडधाकट निघालं. काकांना बोटीवरून काढून गोदामात बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. त्याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते निराळंच. "बोट फिरली तवा ती बाई पाण्यात उभी राहून पाहत होती. तिले वाटलं असंन, हे लोक रागावले."

आमच्या सहलीत त्या जंगलातून जाताना गाडीतल्या सगळ्याजणी मोबाइल घेऊन खिडक्यांना चिकटल्या. मी मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिले. कुणी दिसलं की नाही, मला ठाऊक नाही. आयुष्यभर खुपलं असतं असं एक वागणं माझ्या हातून टळलं, ते काकांमुळे.

काकांची एक सवय होती. कुणाच्याही घरी गेले, दार सताड उघडं असलं, तरी ते उंबऱ्याबाहेर उभे राहत. आतून "या" ऐकू आल्याशिवाय पाऊल टाकत नसत. कुणी बोलावलं नाही तर मुकाट्यानं परत जात. परवा मी काकूंकडे गेले. दार उघडंच होतं. मी बाहेर थांबले, का ते कळलंही नाही.

"ये वं," काकू आतून म्हणाल्या. "तू बी त्यायच्यासारखी थांबून राहिली का?"

मग मी आत गेले.