मुरुमच्या वीरभद्रप्पांची नोकरी

सोलापूरहून सकाळी सुटलेली मोटार हद्दीच्या नाक्यावर थांबली. पुढे निजामाचे राज्य. सोलापूरकरांच्या बोलीत मोगलाई. करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने माझी पिशवी उपसली. इंग्रजी शिक्क्याचा कागद उलटसुलट पाहून परत दिला. भाकरी मात्र आमच्याच वर्तमानपत्रात बांधलेली होती, आणि ते मोगलाईत आणायला बंदी. अंक जप्त झाला, भाकरी हातावर मिळाली. पुढचा तासभर मी ती रुमालात धरून बसलो.

कागद म्हणजे मुरुमच्या वीरभद्रप्पांच्या लष्करी नोंदीची नक्कल होती. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. वीरभद्रप्पा पहिल्याला गेले होते, असे त्यांचे म्हणणे. गावाचे म्हणणे वेगळे: हा गडी चार वर्षे सोलापूरच्या गिरणीत होता आणि गप्पा समुद्रापलीकडच्या बसऱ्याच्या मारतो. मरण्याआधी गावाने एकदा खरे मानावे, एवढ्यासाठी त्यांनी आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीला पत्र लिहवून घेतले होते. भरतीत मोगलाईतला माणूस घेत नाहीत असे कुणीतरी सांगितले, म्हणून त्यांनी हद्दीपलीकडच्या मामाचे गाव आणि मामेभावाचे नाव लावले होते. पुण्याच्या लष्करी दफ्तरात ते नाव मला तिसऱ्या दिवशी सापडले. त्याच पानावर मोगलाईतली चार गावे सरळ नोंदलेली होती. नाव बदलण्याची गरजच नव्हती.

येणेगुराला उतरून बैलगाडीने मुरुम गाठले. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती. काळ्या रानात रस्ता तेवढा पांढरा. पेठेत एका दुकानी मराठी, पुढच्या दुकानी कानडी.

"बर्री (या)," म्हणत वीरभद्रप्पांनी पाय धुवायला पाणी दिले. त्यांच्या पत्नी गंगव्वा यांनी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर (भाजलेल्या धान्यामसाल्याची पूड) घालून केलेली आमटी वाढली. मी दोनदा पाणी मागितले.

हात धुताना वीरभद्रप्पांनी हळूच विचारले, "नाव निघालं?"

"निघालं. कामही निघालं."

गावात वीरभद्रप्पांनी बंदूक चालवल्याचे सांगितले होते. कागदावर होते: खेचर हाकणारा.

"तेवढं सोडून वाचता यील का?"

"वाचायचा तर सगळा. नाहीतर परत नेतो."

गंगव्वा चुलीपासून म्हणाल्या, "वाचू द्या की. खोटारडा म्हणून मरण्यापरीस खेचरवाला बरा."

"वाचा मग," वीरभद्रप्पा म्हणाले आणि पटका बांधू लागले.

मल्लप्पांच्या अडतीवर (धान्याच्या पेढीवर) दुपारी दहाबारा माणसे असतात. मल्लप्पा हे वीरभद्रप्पांचे लहानपणापासूनचे मित्र आणि त्यांच्या गोष्टींवर विश्वास न ठेवणाऱ्यांत सर्वात जुने. मी नाव आणि गाव वाचताच ते हसले.

"हे तर दुसऱ्याचंच नाव! सायेब, ह्येनं तुमालाबी गंडवलं."

"अंगावरच्या खुणा," मी पुढे वाचले. "उजव्या कानाची पाळी फाटलेली. डाव्या गुडघ्याखाली चंद्रकोरीसारखा जुना व्रण."

वीरभद्रप्पा धोतर वर करायला वाकले. मल्लप्पांनी हाताने थांबवले.

"ऱ्हाऊ दे. बैल आमचा व्हता." मग माझ्याकडे वळून, "मारका व्हता लई. म्याच सोडला व्हता ह्येच्या अंगावर."

मी काम वाचले. कुणीतरी मागे फिस्सकन हसले.

"आन् बंदूक रं, वीरभद्र्या?"

"न्हवती. तीन खेचरं व्हती. पाण्याच्या पखाली वाहायची. सांगायची लाज वाटली."

मग मल्लप्पांनी विचारले, "खेचर चिखलात बसलं तर काय करायचं?"

"ओढायचं न्हाय. पोटाखालचा तंग सोडायचा, वझं काढायचं, आन् आपण बाजूला व्हायचं. आपलं आपण उठतंय. बैलावानी न्हाय ते. त्येला पटावं लागतंय."

"म्हंजी तुझ्या बायकूवानीच," कुणीतरी म्हणाले. वीरभद्रप्पाही हसले. मग प्रश्न थांबेनात: चारा कोणता, वाळूत खूर किती टिकतो, लाथ कुठून बसते. त्यांनी प्रत्येकाचे उत्तर न अडखळता दिले. बंदुकीच्या गोष्टींना मध्येच उठून जाणारी माणसे, गंगव्वांच्या सांगण्याप्रमाणे, त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मल्लप्पा मला गाडीत बसवायला आले. येताना त्यांनी खांदा सुजलेला एक बैल वीरभद्रप्पांच्या दारी बांधून ठेवला होता.

"काय छापणार?" त्यांनी विचारले.

"कागदावर आहे ते."

"छापा. लढला म्हणून लिहू नका, ते आमाला ठावं न्हाय. खेचरं हाकली म्हणून लिहा. त्येला आमी साक्षीदार."

दफ्तरातल्या नोंदींना मी आजवर पुरावा म्हणत आलो. मुरुमला कागदाचे काम पहिल्या पाच मिनिटांतच संपले होते; उरलेली साक्ष वीरभद्रप्पांनी स्वतः दिली. परतल्यावर बातमी मल्लप्पांनी सांगितली तशीच लिहिली.