केल्पचं वाळवण

कुठलीही वस्तू हाती आली की चाचा आधी ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळून बघत. चपाती असो, वर्तमानपत्र असो, माझा नवा दुपट्टा असो. मग डोळे किलकिले करून म्हणत, "आधी कपडा वळखू दे, बाय. मंग धुवायचा कसा ता बघू." तीस वर्षं लाँड्रीत काढलेला माणूस. तुमच्याही ओळखीत असे कुणी असतील, ज्यांना सगळं जग आपल्याच धंद्यातून दिसतं. पण समुद्रातल्या शेवाळाला कापड म्हणणारा माणूस मी तरी एकच पाहिला.

ही दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची गोष्ट. मी मस्कतला दार्सैतमध्ये राहत होते आणि समुद्राची पाहणी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होते. चाचा मुरुडकडचे. आमच्या बिल्डिंगखाली त्यांची लाँड्री होती, म्हणजे मालक दुसराच, राबणारे हे. ती बंद पडली तेव्हा चाचा अठ्ठावन्नचे होते. आम्हाला समुद्रातलं शेवाळ कागदावर सपाट दाबून, वाळवून ठेवणारं कुणी हवं होतं. मी आमच्या ओमानी साहेबांना म्हटलं, "आयुष्यभर इस्तरी केलेला माणूस आहे. याहून चांगला कुठून आणणार?" साहेब हसले आणि त्यांनी चाचांना ठेवून घेतलं. तेव्हापासून चाचा त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायला लागले.

हात खरंच देखणा होता त्यांचा. ट्रेमधल्या पाण्यात शेवाळ तरंगत ठेवायचं, खालून कागद सरकवायचा आणि दोन्ही अलगद उचलायचं. मला पाच वर्षांत जे जमलं नाही ते त्यांना आठवड्यात जमलं. हिरव्या पातळ शेवाळाला ते मलमल म्हणत, लाल झुपक्याला लेस. केल्प दाखवलं तेव्हा मात्र तोंड वाकडं केलं. "ही तर ताडपत्री."

केल्प म्हणजे खडकाला घट्ट धरून वाढणारं, कमरेइतकं उंच, तपकिरी, चामड्यासारख्या पानांचं शेवाळ. त्याला गार पाणी लागतं. मग ओमानच्या भट्टीत ते कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. तिकडे दक्षिणेला, मिरबातच्या किनाऱ्यावर, पावसाळी वारे सुटले की वरचं कोमट पाणी बाजूला सरतं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्या दिवसांना तिथे खरीफ म्हणतात. तेवढ्या काही महिन्यांत पाण्याखाली केल्पचं रान उभं राहतं. पाणी पुन्हा तापलं की खलास, सगळं सुटून किनाऱ्यावर येतं आणि कुजतं. समुद्र निवला पण पाणी अजून गार आहे, असे जेमतेम पंधरा दिवस आम्हाला मिळत. ते हुकले की पुढचं वर्ष.

पहिल्या वर्षी ते हुकले, आणि हुकवले चाचांनी. पाणबुड्यांनी काढून आणलेलं सगळं केल्प त्यांनी दिवसभर गोड्या पाण्यात भिजत घातलं. का, तर "वास मारत होता, बाय. गिऱ्हाईकाला असा देतात काय?" केल्पला गोडं पाणी सोसत नाही. मी संध्याकाळी बघते तर टबात नुसता बुळबुळीत लगदा. मी त्यांना नको नको ते बोलले. आजही त्याची लाज वाटते. ते टबाकडे बघत उभे राहिले.

साहेब त्यांचा व्हिसा कॅन्सल करायला निघाले होते. मी हातापाया पडून आणखी एक वर्ष मागून घेतलं. "पुन्हा वाया गेलं तर लगेच घरी," साहेबांनी बजावलं. चाचांना ते सांगितलं तर म्हणाले, "घरी जायचाच हाय मला. नातवंडा वाट बघतायत. पण हाकलला म्हणून नाय जायचा. तीस वर्षांत एक कपडा जाळला नाय मी."

त्यानंतर ते केल्पच्या मागेच लागले. ह्याचा उपयोग काय, कोण घेतं, कशाला घेतं. मी सांगितलं, बागेला खत होतं, आइस्क्रीम दाट करायला याचा अर्क वापरतात, आणि कापडावर छपाई करताना रंग फुटू नये म्हणून रंगातही घालतात. चाचा चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"कपड्यात जातो ह्यो?"

"जातो."

"मंग आधी सांगायचास ना."

त्या दिवसापासून ताडपत्री हा शब्द बंद.

पुढच्या खरीफाच्या शेवटी आम्ही दोघं मिरबातला भाड्याच्या घरात उतरलो. चाळीस केल्प आले, एकाहून एक. आणि पहिल्याच सकाळी वाळवायचं यंत्र बंद पडलं. बाहेर पावसाची रिपरिप, भिंतींना ओल. जवळच्या सलाला शहरातला मेकॅनिक फोनवर म्हणाला, "इन्शाल्ला, परवा." परवापर्यंत सगळं नासलं असतं. मी डोक्याला हात लावून बसले. चाचांनी एका तुकड्यावर फडकं टाकून इस्तरी टेकवून बघितली. तपकिरी तुकडा क्षणात हिरवागार झाला.

"इस्तरी बाद," ते म्हणाले. "रंग सोडतो. पण मुरुडला पावसात चादरी सुकवत नाय काय आपण? यल्ला, ऊठ."

एकेक केल्प टॉवेलात गुंडाळून तळव्यांनी दाबायचं, पिळायचं नाही. झोपायच्या खोलीत दोऱ्या बांधल्या, चिमटे लावले, खिडक्या बंद, हवेतली ओल खेचायला एसी सोळावर. अर्धं सुकलं की फळ्यांखाली, वर्तमानपत्रांच्या मध्ये. दर दोन तासांनी कागद बदलायचे. आमचे कागद संपले तेव्हा चाचांनी चहावाल्याकडून मल्याळी पेपरांचा गठ्ठा आणला. दोन दिवस हा माणूस माकडटोपी घालून, माझी शाल पांघरून त्या खोलीत कुडकुडत बसला. ओमानमध्ये थंडीनं कुणाचे दात वाजताना मी पहिल्यांदाच ऐकले. मी घाई केली की म्हणायचे, "गप बस, बाय. कपडा सांगेल."

तिसऱ्या दिवशी फळ्या उचलल्या. चाळीसच्या चाळीस कोरडे, रंगाला धक्का नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी फरशीवरच फतकल मारली. चाचा प्रत्येक कागदावरून हात फिरवत होते.

मस्कतला साहेबांनी सगळे कागद उलटून पाहिले आणि चाचांना आत बोलावलं. दार बंद झालं. मी बाहेर येरझाऱ्या घालत होते. दहा मिनिटांनी चाचा बाहेर आले.

"काय म्हणाले?"

"थांब म्हणाला अर्बाब. अजून दोन वर्षं रहा म्हणाला."

"मग?"

"मंग काय. आता जाता येईल."

त्यांनी खिशातून कडक घडीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मराठीत लिहिलेला राजीनामा होता. "ह्यो जरा इंग्रजीत टाइप करून दे."

खाली तारीख गेल्या वर्षीची होती, टबातलं केल्प नासलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. वर्षभर तो कागद त्यांनी खिशात सांभाळला होता. मी टाइप करताना रडत होते आणि चाचा खुर्चीमागे उभे राहून हसत होते. जुन्या तारखेच्या जागी मी त्या दिवसाची घातली. महिनाभरात ते मुरुडला गेले.