टाकीजवळची रातांबी

आमचा टेम्पो गल्लीतून निघाला तेव्हा आई मागच्या फळीला धरून थोडी चालत आली. "सगळं सामान उघडू नगंस," ती म्हणाली. "दोन-तीन वर्षांनी परत बांधायचंच हाय."

नवऱ्याला रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. कोल्हापूरहून आंबा घाट उतरला की रत्नागिरी, तसं लांब नाही. पण मी आईचं ऐकलं. भाड्याच्या घरात पितळी भांडी पोत्यातच ठेवली, भिंतीला खिळा ठोकला नाही, अंगणात काही लावलं नाही.

तरी पहिल्याच पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या कुंपणाच्या, गडग्याच्या, फटीफटीतून हिरवं वर आलं. आमच्या काळ्या रानातलं तण मी पानावरून ओळखायची. इथलं एकही ओळखीचं वाटेना. मी दिसेल ते उपटत सुटले.

शेजारच्या सुलभाकाकू गडग्यापलीकडून बघत असायच्या. त्यांचा मुलगा मुंबईत, घरात त्या एकट्या. एकदा म्हणाल्या, "अगो, टाकळा कसला फेकतेस? कोवळा आहे, भाजी कर." मग मी काही उपटायच्या आधी त्यांना विचारू लागले.

पाण्याच्या टाकीजवळ तांबूस कोवळ्या पानांचं एक रोप आलं. फोटो आईला पाठवला. "जांभूळ हाय की ते," ती फोनवर म्हणाली. "भिंत फोडंल. काढून टाक." काकूंनी त्याचं पान खुडून मला चावायला दिलं. आंबट लागलं.

"रातांबी गो ही. हिच्याच फळांची आमसुलं. पण नर की मादी, ते फुलल्याशिवाय कळायचं नाही. नराला फळ धरत नाही."

"कधी फुलेल?"

"सात-आठ वर्षं तरी जातील."

मला हसू आलं. तोवर आम्ही इथे कशाला असणार? म्हणून राहू दिलं.

दर मे महिन्यात आमची निघायची बोलणी व्हायची. तिकडे नोकरी बघू, पोरीचं शाळेचं हे वर्ष होऊ दे, पुढच्या वर्षी नक्की. तेवढ्यात घरमालकांनी घर विकायला काढलं आणि आम्हीच ते घेतलं. सह्या करून आलो त्या दुपारी मला एका जागी बसवेना. भांड्यांचं पोतं उघडलं, सगळी भांडी चिंचेने लख्ख घासली, आणि परत बांधून ठेवली. नवरा बघत होता.

रातांबी माझ्या डोक्यावर गेली, टाकीवर गेली, आणि एका थंडीत फुलली. काकूंनी चष्मा लावून फुलं निरखली. "नर," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला तिथे गाडीसाठी शेड घालायची होती. मी काकूंकडे बघितलं. "माझ्याकडे काय बघतेस? अंगण तुझं आहे," त्या म्हणाल्या. मीच तोडायला सांगितलं. झाड पडल्यावर स्वयंपाकघरात भगभगीत ऊन आलं. पुढे कितीतरी दिवस मी चहा करताना खिडकीकडे पाठ करून उभी राहायची.

त्या वर्षी नागपंचमीला माहेरी गेले. आईचे गुडघे धरलेत, घरामागचं परडं आता वहिनीच बघते. पायरीशी एक रोप उगवलं होतं. सवयीने वाकले आणि उपटलं. वहिनी बाहेर आली. "ताई, ते मिरचीचं हाय. मी मुद्दाम ठेवलंतं," ती हळूच म्हणाली. रागावली नव्हती. मी ते परत मातीत दाबलं, ओंजळीने पाणी घातलं. याच परड्यात मी लहानाची मोठी झाले. आई पायरीवरच बसली होती. तिने तोंड दुसरीकडे वळवलं. नंतर पुढचं रोप दिसलं तेव्हा मी विचारलं, "वहिनी, हे काढू का?"

माहेरच्या गल्लीतले जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, ते सगळे मला विचारतात, आता घर कुठलं? मी मिरजोळे सांगते. अजूनही मे आला की माझा जीव थाऱ्यावर नसतो, उगाच कपाटं उपसते. पण इथल्या अंगणात काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे माझं मी ठरवते. आणि चुकलं, तर रुखरुखही माझीच असते.